बटण बंद, करंट चालू! : दूरशिक्षण आणि हाताचं शिक्षण

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठीचा एकच पेपर असायचा, आणि त्यातले निबंधही आई पाठ करून घ्यायची. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर संपादकांना धरा, मला नको!

विषयाचं नाव जरा जड आहे : दूरशिक्षणातून कारागिरी शिकणारे ॲप्रेंटिस आणि त्यांचं 'ॲक्टिव्ह लर्निंग', म्हणजे कृतीतून शिकणं. पान उलटू नका, आधी एक किस्सा सांगते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममधला एक बल्ब सारखा मिचमिचत होता. होल्डर ढिला झाला असणार. मैत्रिणी म्हणाल्या, "तू इलेक्ट्रिकलची ना? मग बघ की!" झालं, मी बटण बंद केलं आणि खुर्चीवर चढले. तेवढ्यात रेक्टर मॅडमनी बोलावलेले वायरमनकाका आले. त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या होता, माझ्याहून वर्षभराने लहान. त्याने वर बघितलं आणि ओरडलाच, "ताई, थांबा! हात लावू नका."

खिशातला टेस्टर काढून त्याने होल्डरच्या एका पिनला टेकवला. टेस्टर लाल पेटला.

मी म्हटलं, "अरे, बटण तर बंद आहे!"

तो म्हणाला, "ताई, बटण बंद म्हणजे लाइट बंद. करंट बंद असेलच असं नाही."

मार्क होते, माहिती नव्हती

इतर ब्रँचच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. आपल्या घरातल्या दिव्याला दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. धोका फेजमध्ये असतो. म्हणून बटण नेहमी फेजच्या वायरीत बसवायचं. म्हणजे बटण बंद केलं की फेज बोर्डातच अडतो, पुढे होल्डरपर्यंत येत नाही. पण वायरिंग करणाऱ्याने चुकून बटण न्यूट्रलमध्ये घातलं तर? तरीही बटण दाबलं की दिवा लागतो, बंद केलं की विझतो. बाहेरून काहीच कळत नाही. पण दिवा विझलेला असतानाही फेज होल्डरमध्ये येऊन वाट बघत बसलेला असतो. आमच्या रीडिंग रूममध्ये नेमकं हेच झालं होतं.

आता लाजिरवाणी गोष्ट ऐका. 'स्विच फेजमध्येच का बसवतात?' हा प्रश्न मला फर्स्ट इयरला आला होता. मी आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. पण खुर्चीवर चढताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. हातात टेस्टर घ्यावा, मेन स्विच बंद करावा, हे सुचलंच नाही.

काकांनी मेन बंद केला, मुलाने वायरी बदलल्या, मी टॉर्च धरला. काम झाल्यावर मी त्याला विचारलं, "पण बटण फेजमध्येच का रे?" तो हसला. "तसंच असतं ताई. उस्तादांनी सांगितलंय."

म्हणजे रुपयातले आठ आणे माझ्याकडे आणि आठ आणे त्याच्याकडे! मला कारण माहीत होतं पण हात नव्हता. त्याला हात होता पण कारण नव्हतं. आणि या धंद्यात आठ आण्यांवर भागत नाही. परीक्षेत नापास झालं तर ऑक्टोबर असतो, होल्डरमध्ये नापास झालं तर काय असतं?

'वाचा' आणि अंगठा

मग चहा पिताना कळलं की तो अंबरनाथच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन ट्रेडचा ॲप्रेंटिस आहे. रोज शेलूहून लोकल पकडतो. वांगणी, बदलापूर, मग अंबरनाथ. रविवारी काकांच्या हाताखाली. मी विचारलं, "मग थिअरी कधी शिकवतात?"

"मोबाइलवर. ग्रुपवर पीडीएफ येते. खाली 'वाचा' असं लिहिलेलं असतं. आम्ही अंगठा पाठवतो."

"आणि वाचता?"

"ताई, सेकंड शिफ्ट करून आल्यावर चाळीस पानं कोण वाचणार?"

पूर्वी अंगठा दाखवणारा म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा माणूस. आता शिकणारी मुलंच अंगठा दाखवतात, आणि पलीकडचा समजतो की धडा झाला! पण आपल्याला हसायचा अधिकार नाही बरं का. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि आपणही घरात बसून कॅमेरा बंद, माइक बंद करून शिकलो. २०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्या वर्षात मी जे नुसतं ऐकलं त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. आपलं निदान पुस्तकी शिक्षण तरी होतं. या मुलाचा मोठा भाऊ तेव्हा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होता. वर्कशॉपला कुलूप, आणि फायलिंग, ड्रिलिंग, वायरिंग सगळं व्हिडिओवर. कानस कधी हातात न धरता फायलिंग शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकण्यातलाच प्रकार.

दुरून शिकवायची गरजच काय?

प्रश्न बरोबर आहे. कारागीर तर कामाच्या जागीच घडतो. पण नुसत्या कामातून 'कसं' कळतं, 'का' कळेलच असं नाही. आपल्या देशात १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आहे. त्याच्या कलम १० मध्ये म्हटलंय की प्रत्यक्ष कामाबरोबर ॲप्रेंटिसला त्या ट्रेडचं तात्त्विक शिक्षणही द्यायला हवं, आणि त्या वर्गात गेलेला वेळ पगारी कामाचाच वेळ धरायचा. म्हणजे थिअरी हा मुलांवर उपकार नाही, त्यांचा हक्क आहे.

मोठ्या कारखान्यांना, रेल्वेच्या वर्कशॉपना स्वतःचे ट्रेनिंग सेंटर परवडतात. पण दहा-वीस माणसांचं युनिट असेल आणि त्यात एकच ॲप्रेंटिस, तर वर्ग कोण भरवणार? आणि शिफ्ट बदलत्या. मग पुस्तक किंवा मोबाइल एवढाच मार्ग उरतो.

आपल्या या पट्ट्यात कुशल हातांची गरजही जुनी आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटावरचं पाणी खाली आणून मुंबईच्या गिरण्या चालवणारी वीज आपल्या शेजारी तयार व्हायला लागली. तिथे टर्बाइन आणि तारा सांभाळायला पुस्तक वाचलेला नुसता चालणार नव्हता, आणि नुसता ताकदवान गडीही चालणार नव्हता. दोन्ही एकाच माणसात हवं होतं.

जुनी युक्ती, जुनीच अडचण

कारागिरांना पत्रातून शिकवण्याची कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत सतत अपघात व्हायचे. तिथे कायदा आला की खाणीतल्या फोरमनने परीक्षा पास व्हायला हवी. पण दिवसभर खाणीत राबणारा माणूस कॉलेजला कसा जाणार? तेव्हा थॉमस फोस्टर नावाच्या संपादकाने १८९१ मध्ये स्क्रँटन गावातून टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली. पुढे तेच 'इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स' म्हणून नावारूपाला आलं आणि लाखो कामगारांनी नाव घातलं. मात्र कोर्स पुरा करणारे थोडेच निघाले. पाकीट येतं, उशाशी पडतं, पुढचं पाकीट येतं... आमच्या मित्राच्या पीडीएफसारखंच!

आपल्याकडे नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. नोकरी, शेती, घर सांभाळून शिकणाऱ्या हजारो लोकांना त्याने दार उघडलं. चेन्नईची 'निमी' ही संस्था १९८६ मध्ये जर्मनीच्या मदतीने उभी राहिली. आयटीआय आणि ॲप्रेंटिसची पुस्तकं ती काढते, मराठीतही. पुस्तकं चांगली आहेत. मित्राची बघितली, तर आकृत्या आमच्यापेक्षा सुबक! फक्त 'ट्रेड थिअरी' वेगळं आणि 'ट्रेड प्रॅक्टिकल' वेगळं. दोन पुस्तकांच्या मधली जी फट आहे तिथेच मुलं पडतात.

ही फट बुजवायचा वेगळा प्रयोग पुणे जिल्ह्यात पाबळला झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं आधी गावाला लागणारं काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती. आणि काम करताना जे प्रश्न पडतात त्यातून विज्ञानाकडे जातात. आधी हात, मग पुस्तक. पाबळला सगळे एकत्र राहतात, ते दूरशिक्षण नव्हे. पण क्रम मात्र दूरशिक्षणाने उचलावा असा आहे.

ॲक्टिव्ह लर्निंग म्हणजे नक्की काय?

शिकणाऱ्याने नुसतं ऐकायचं-वाचायचं नाही, काहीतरी करायचं आणि करताना त्यावर विचार करायचा. बस, एवढंच! अंदाज बांधणं, सोडवून बघणं, दुसऱ्याला समजावणं, चूक शोधणं, सगळं यात येतं.

हे नुसतं बोलायला छान नाही, याला पुरावा आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास, कृती असलेल्या वर्गांत २१.८ टक्के. अर्थात हे अभ्यास आपल्यासारख्यांवरचे आहेत, ॲप्रेंटिसवरचे नाहीत. पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

दुसरा प्रयोग मला फार आवडला. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे! पण आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४० टक्के आठवलं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे वाचताना 'येतंय, येतंय' असं वाटतं तो भास असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळे याच भासावर जगतो की नाही?

आमचे सहा रविवार

मग मी आणि त्याने एक करार केला. मी त्याला 'का' शिकवायचं, त्याने मला 'कसं'. सोमवार ते शनिवार मोबाइलवर, रविवारी काकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष. सहा आठवडे.

पहिला आठवडा पूर्ण फ्लॉप! मी प्रश्न पाठवले : 'इंडक्शन मोटरची व्याख्या लिही.' 'प्रकार सांग.' त्याने पुस्तकातून जसंच्या तसं उतरवून पाठवलं. मी बरोबरची खूण केली. शिकलं कोणीच नाही. तेव्हा लक्षात आलं की मीही ग्रुपवर 'वाचा' लिहिणाऱ्यासारखीच वागतेय. दोष पोरांच्या आळसाचा नाही, प्रश्नाचा आहे. ज्याचं उत्तर पुस्तकात तयार पडलंय तो प्रश्न हाताला कामच देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला : 'तुमच्या पंपाच्या मोटरवर जी पाटी आहे, तिच्यावरचं सगळं उतरवून आण.' कंपनीत मोबाइल गेटवरच जमा होतो, म्हणून फोटो नाही. त्याने खिशातल्या डायरीत पेन्सिलीने लिहून आणलं. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. मी म्हटलं, "आता पुस्तकातल्या सूत्रात घाल. चार पोलची मोटर. १२० गुणिले ५०, भागिले ४."

रात्री मेसेज आला : "ताई, १५०० आले. पाटीवर १४४० आहेत. पाटी चुकली का मी चुकलो?"

मित्रांनो, खरं सांगते, हा प्रश्न मला दोन वर्षांत कधी पडला नव्हता. 'स्लिप' हा शब्द मी पाठ केला होता, गणितंही सोडवली होती. पण खऱ्या मोटरची पाटी वाचलीच नव्हती! मग त्याला समजावताना मलाच नीट समजलं. स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र १५०० ने फिरतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. रोटरने त्याला गाठलं तर दोघांत फरकच उरणार नाही. फरक नाही तर रोटरच्या बारमध्ये करंट नाही, आणि करंट नाही तर ओढ नाही. म्हणून तो नेहमी थोडा मागेच राहतो. इथे ६० फेरे मागे, म्हणजे ४ टक्के स्लिप. त्याने लगेच विचारलं, "मग लोड वाढला तर आणखी मागे पडेल?" हो, पडेल! हे त्याला मी शिकवलं नाही, त्याचं त्याने काढलं.

तिथून पुढे गाडी रुळावर आली. सगळं सुरळीत झालं असं नाही. लोकलमध्ये तो उत्तरं बोलून पाठवायचा, पण बदलापूरला गर्दी आत शिरली की आवाज गायब. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात एकही उत्तर आलं नाही, आणि मीही माझ्या युनिट टेस्टमध्ये दोन दिवस गप्प होते. त्याने नंतर सांगितलं की त्या दोन दिवसांत त्याने डायरी उघडलीच नाही. पलीकडे कोणी बघत नाही असं वाटलं की हात थांबतो. दूरशिक्षणात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे असं आता मला वाटतं.

आमच्या चुकांतून जे हाती लागलं ते असं :

१. आधी अंदाज, मग पुस्तक. 'फॅनचा कपॅसिटर गेला तर काय होईल?' आधी अंदाज लिही, मग धडा वाच. अंदाज चुकला तर उत्तर जास्त पक्कं बसतं.

२. प्रश्न त्याच्या कामाच्या जागेतूनच यावा. ॲप्रेंटिसची लॅब त्याच्या समोर असते, तीही चालू! त्याच्या जागेवरचा एमसीबी किती अँपिअरचा, अर्थिंगची वायर कुठून कुठे जाते, हे त्याने स्वतः बघून आकृती काढावी. पण नियम पक्का : फक्त बघायचं, उस्तादांना विचारून बघायचं. चालू मशीनला, उघड्या पॅनेलला दुरून आलेल्या प्रश्नासाठी हात लावायचा नाही.

३. पुस्तक मिटून बोलायचं. दोन मिनिटं, स्वतःच्या शब्दांत. अडखळलं तिथे खूण करायची आणि तेवढंच पुन्हा वाचायचं. चाळीस पानांपेक्षा चार पानं बरी.

४. बिघाड द्या, व्याख्या नको. 'दोन बटणांवरचा जिन्याचा दिवा वरून लागतो, खालून लागत नाही. कुठे कुठे बघशील, कोणत्या क्रमाने?' याचं उत्तर उतरवून काढता येत नाही.

५. उत्तराला उत्तर हवंच. नुसतं 'गुड' नको, एक पुढचा प्रश्न. आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी.

६. उस्तादांना बाहेर ठेवू नका. डायरीवर त्यांची सही असली की तेही विचारतात, "आज काय विचारलंय रे तुझ्या ताईने?" काका तर तिसऱ्या रविवारपासून स्वतःच प्रश्न घालायला लागले.

७. काही गोष्टी दुरून होतच नाहीत. लग क्रिंप करताना किती दाबायचं, स्क्रू किती आवळायचा, सोल्डरचा चकाकीवरून अंदाज कसा घ्यायचा, यासाठी शेजारी माणूस हवा. मी पहिल्या रविवारी केलेला जोड काकांनी नुसता ओढला आणि तो हातात आला. म्हणून अधूनमधून समोरासमोर भेटणं हा दूरशिक्षणाचा भागच धरायला हवा.

शेवटी

दूरशिक्षण म्हणजे दुय्यम शिक्षण, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं की अंतराचा दोष कमी, गप्प बसण्याचा जास्त. मी वर्गात पहिल्या बाकावर बसून मोटरपासून दूर होते. तो पीडीएफवर शिकत असूनही मोटरच्या शेजारी उभा होता. त्याला फक्त तिच्याकडे बघायला लावणारा एक प्रश्न हवा होता, आणि उत्तराची वाट बघणारं कोणीतरी.

त्याची परीक्षा अजून व्हायची आहे, त्यामुळे निकाल मी सांगू शकत नाही. पण गेल्या रविवारी आमच्या कॉरिडॉरमधला बोर्ड उघडला तेव्हा त्याने टेस्टर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बघा. मी कारण सांगतो." आणि सांगितलंही, बरोबर!

हॉस्टेलमधल्या सगळ्यांना एक विनंती. आपल्याकडे मेस, पंप, जनरेटर, लिफ्ट सांभाळायला जी माणसं येतात, त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा एखादा शिकाऊ मुलगा असतो. त्याला एकदा विचारा, थिअरी कशी चाललीय? रविवारी संध्याकाळी एक तास रीडिंग रूम मिळावी म्हणून मी रेक्टर मॅडमकडे अर्ज दिला आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, सगळ्यांनी या. येताना प्रश्न आणा, आणि जमलं तर पक्कड.

आणि हो, बल्ब बदलायचा असेल तर आधी मेन बंद करा!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल